बोल्टन ॲबी ते सायमन्स सीट: पंधरा जणांना घेऊन जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या लीड्सच्या आसपासच्या काही मराठी कुटुंबांचा पंधरा जणांचा गट मे महिन्यातल्या एका शनिवारी बोल्टन ॲबीच्या पडक्या मठापासून सायमन्स सीट या टेकडीच्या माथ्यावर चालत जाऊन परत यायचं म्हणतो आहे. गटात ९ ते १२ वयाची तीन मुलं आहेत आणि पुण्याहून आलेले साठीतले आई-बाबा. बहुतेकांनी सह्याद्रीत ट्रेक केलेले आहेत. म्हणून विचारलंय, "माथा जेमतेम ४८५ मीटरचा, आम्ही कळसूबाई केलंय, मग यात अवघड काय?"

चढात काहीच अवघड नाही. मठ नदीकाठी साधारण शंभर मीटरवर आहे. वाटेतले चढउतार धरले तरी दिवसभरात ४५० मीटरच्या आसपास चढाई होते, म्हणजे कळसूबाईला बारी गावातून जेवढं चढावं लागतं त्याच्या निम्मी. अवघड आहे ते अंतर, वारा आणि एक तिसरी गोष्ट, जी नकाशावर पटकन दिसत नाही: रान संपून माळ सुरू झाला की पलीकडे नदीकाठच्या हाऊगिलला उतरेपर्यंत सहा-सात किलोमीटर मध्येच सोडून देण्यासारखी वाट नाही. ना गाव, ना रस्ता, ना झाडाचा आडोसा. सह्याद्रीत पाय मुरगळला तर तासाभरात एखादी वाडी गाठता येते, तसं इथे नाही. त्यामुळे या वाटेवरचा खरा निर्णय माथ्यावर घ्यायचा नसतो. तो रानातून माळावर पडणाऱ्या फाटकापाशी घ्यायचा असतो, आणि त्याची वेळ आदल्या दिवशीच ठरवून ठेवायची असते.

आधी अंतर आणि वेळ. मठापासून नदीकाठाने कॅव्हेंडिश पॅव्हिलियन हे उपाहारगृह दीड किलोमीटर. तिथून व्हॅली ऑफ डेसोलेशन या घळीतून माथा सहा किलोमीटर. माथ्यावरून पश्चिमेला हाऊगिल तीन, हाऊगिलवरून नदीकाठाने बार्डन पूल अडीच, पुलावरून स्ट्रिड या नदीच्या अरुंद, धोकादायक फटीमार्गे पॅव्हिलियन साडेचार आणि शेवटी मठापर्यंत पुन्हा दीड. एकूण १९ ते २० किलोमीटर. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशोब इथे अजून वापरतात: ताशी ५ किलोमीटर, वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास. त्याने पावणेपाच तास येतात. पण हा हिशोब तरतरीत माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. पंधरा जणांच्या गटाला त्याच्या दीडपट धरा, वर जेवण आणि थांबे मिळवा. आठ ते सव्वाआठ तास होतात.

हा वेळ कुठे जातो ते एका उदाहरणावरून कळेल. इथल्या दगडी कुंपणांवरून जायला पायऱ्या असतात, काही ठिकाणी एकाच माणसापुरतं चिंचोळं फाटक असतं. एका माणसाला वीस-तीस सेकंद लागले तरी पंधरा जण पलीकडे जाईपर्यंत पाच-सात मिनिटं गेलेली असतात. पुढचा थांबला नाही तर तेवढ्यात तो अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि मागची मुलं धापा टाकत धावत असतात. म्हणून पुढे एक आणि सर्वांत मागे एक, अशी वाट माहीत असलेली दोन माणसं हवीतच. दोघांकडे नकाशा, दोघांकडे शिट्टी. प्रत्येक फाटकाशी मागचा आला, त्याने मोजले, मग पुढचा निघाला. मोजणी तोंडी करा, "सगळे आहेत ना?" असं विचारून नाही. त्या प्रश्नाला नेहमी "हो" असंच उत्तर येतं.

मे महिन्यासाठी चालेल असं वेळापत्रक: मठातून ९:३०ला निघणं, १०:०५ला पॅव्हिलियन, तिथे पंधरा मिनिटं. १०:५५ला धबधबा, ११:३०ला रानाच्या वरच्या टोकाचं फाटक, १:१५ला माथा, १:५०ला उतरायला सुरुवात, २:५५ला हाऊगिल, ३:४०ला बार्डन पूल, ४:२०ला स्ट्रिड, ५:४५ला परत मठ. फाटकावर १२:१५च्या पुढे पोहोचलात तर माथा विसरा, धबधब्याकडे परत फिरा. मे महिन्यात उजेड रात्री नऊच्या आसपासपर्यंत असतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही. पण उशिरा निघालेल्या गटाची दमछाक स्ट्रिडच्या निसरड्या खडकांपाशी होते, आणि ती जागा दमलेल्या माणसांची नव्हे. डिसेंबरात हाच दौरा काढायचा विचारही करू नका. तेव्हा इथे उजेड साडेसात तासांचा असतो आणि पावणेचारला सूर्य मावळतो.

मठाला वीस मिनिटं द्या, पण ती ९:३०च्या आधीची. गावाचं नाव बोल्टन ॲबी असलं तरी ही ॲबी नव्हे, प्रायरी आहे, म्हणजे प्रमुखाला ॲबट नव्हे तर प्रायर म्हणत. ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू जवळच्या एम्ब्सीहून ११५४ मध्ये इथे वार्फ नदीच्या वळणावर आले. जमीन स्किप्टनच्या ॲलिस दि रोमिली या बाईंनी दिली. त्यांचा मुलगा स्ट्रिडवरून उडी मारताना बुडाला म्हणून त्यांनी हे दान केलं अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ऐका, पण मुलांना सकाळीच सांगा. संध्याकाळी तिचा उपयोग होतो. आठव्या हेन्रीच्या काळात देशभरचे मठ बंद झाले तेव्हा १५३९ मध्ये हाही गेला. पूर्वेकडच्या भागाचं छप्पर उतरलं, आज तिथे नुसत्या कमानी उभ्या आहेत. पश्चिमेकडचा भाग मात्र गावकऱ्यांचं चर्च म्हणून वापरात होता, म्हणून वाचला आणि तिथे अजूनही प्रार्थना होते. पश्चिमेच्या टोकाचा मनोरा शेवटचे प्रायर रिचर्ड मून यांनी १५२० मध्ये बांधायला घेतला होता. तो अर्धाच राहिला. एकाच इमारतीत एकीकडे भग्नावशेष आणि दुसरीकडे नांदतं चर्च, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

मठाखाली नदीत पन्नासहून अधिक दगड ओळीने रोवलेले आहेत, त्यांवरून पलीकडे जाता येतं. मुलं हट्ट करणारच. पाणी दगडांच्या बरंच खाली असेल, दगड कोरडे असतील तर जाऊ द्या, एका वेळी एक. मधले दगड बुडाले असतील किंवा हिरवे दिसत असतील तर शेजारीच पूल आहे. आपल्याला मात्र त्या काठाला आत्ता जायचं नाही. पश्चिम काठानेच कुरणांतून सपाट वाट पॅव्हिलियनपर्यंत जाते.

पॅव्हिलियनला स्वच्छतागृह आहे आणि पुढचं थेट स्ट्रिडच्या गाडीतळावर, बारा-तेरा किलोमीटर पुढे. हे सगळ्यांना निघण्याआधीच सांगा. बायका आणि ज्येष्ठ मंडळी आडोसा नसलेल्या माळावर अडचण नको म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकेदुखी, पायात गोळे सुरू होतात. पाणी माणशी किमान दीड लिटर हवं. ओढ्याचं पाणी पिऊ नका. ते चहासारखं तपकिरी दिसतं ते पीटमुळे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, आणि त्यात काही वाईट नाही. पण वर शेळ्यामेंढ्यांचा आणि पक्ष्यांचा वावर असतो.

पॅव्हिलियनपाशी लाकडी पूल ओलांडून डावीकडे, नदीच्या वरच्या अंगाला चला. थोडं अंतर डांबरी रस्त्यावरून आहे. पदपथ नसला की इथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागोमाग एक चालतात. तिथून फाटकातून आत शिरलं की व्हॅली ऑफ डेसोलेशन. नाव उजाडपणाचं, प्रत्यक्षात हिरवीगार घळ. १८२६ मधल्या एका प्रचंड वादळाने इथली झाडं भुईसपाट केली तेव्हापासून हे नाव पडलं. पॉसफोर्थ गिलचा धबधबा वाटेजवळ आहे. धबधब्याखालचे दगड शेवाळलेले असतात, तेव्हा फोटो वरूनच काढा.

धबधब्यानंतर ओढा ओलांडून वाट लाउंड पाश्चर या सूचिपर्णी रानात शिरते आणि रानाच्या वरच्या टोकाला ते फाटक येतं. इथे थांबा. पाठपिशव्या उतरवा, सगळ्यांना काहीतरी खायला लावा आणि तीन गोष्टी बघा: घड्याळ, माथ्यावरचा ढग आणि मुलांचे पाय. टाचेला चरचर लागत असेल तर पायमोजा काढून आत्ताच पट्टी लावा. फोड येऊन गेल्यावर पट्टी लावणं म्हणजे पूर येऊन गेल्यावर बांध घालणं. ढग खडकांवर बसलेला असेल आणि हवामान खात्याच्या अंदाजात दुपारनंतर सुधारणा नसेल, तर इथूनच मागे वळणं योग्य. या माळावर ग्राऊस नावाचा तांबूस पक्षी असतो. झुडपातून फडफडत उठतो आणि "गो बॅक, गो बॅक" म्हणाल्यासारखा ओरडतो. त्याच्या म्हणण्यावर नव्हे, घड्याळावर निर्णय घ्या, पण घ्या.

फाटकाबाहेर बार्डन फेल. सगळीकडे हेदर, म्हणजे गुडघ्याखालची काटक झुडपं. ऑगस्टमध्ये ती जांभळी होतात, मे महिन्यात तपकिरी असतात. हेदरचे चौकोनी ठिगळांसारखे तुकडे वेगवेगळ्या उंचीचे दिसतात, कारण ग्राऊसला खायला कोवळे कोंब मिळावेत म्हणून ते आळीपाळीने जाळले जातात. ही शिकारीसाठी राखलेली जमीन आहे, ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याच्या इस्टेटीची. ग्राऊसच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. त्या काळात काही दिवस माळ बंद असतो, कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनेही बंद करतात. मे महिन्यात शिकार नाही, पण पक्षी जमिनीवरच घरटी करून अंडी उबवत असतात, म्हणून वाट सोडायची नाही. कुत्र्यांना माळावर मनाई आहे. गटात कुणाचा कुत्रा असेल तर त्याला घरीच ठेवा, फाटकावर येऊन वाद नको. स्टोव्ह, निखारे, सिगारेट अजिबात नको. पीट पेटलं तर जमिनीखालून धुमसत राहतं. चहा थर्मासमधून.

वाट इथून रुंद आहे, शिकाऱ्यांच्या गाड्या जातील अशी. ओढ्याजवळ एक दगडी टेबल लागतं, खायला थांबायची ती चांगली जागा. पायाखाली जाड वाळूचा खडक, मिलस्टोन ग्रिट, ज्याची पूर्वी धान्य दळायची जाती बनवत. त्यावर पीट साचतं, पाणी निचरत नाही, म्हणून वाटेपासून चार पावलं बाजूला गेलं की बूट घोट्यापर्यंत रुततो. चिखल टाळायला कडेने चालणारा गट वाट दरवर्षी रुंद करत नेतो. चिखलातूनच चला, बूट त्यासाठीच असतात.

शेवटच्या टप्प्यात पठारावर खडकांचे ढीग दिसायला लागतात. इथे नेहमीची चूक होते. पूर्वेला लॉर्ड्स सीट नावाचा खडकांचा दुसरा ढीग आहे, आणि धुक्यात तोच माथा समजून लोक तिकडे भरकटतात. सायमन्स सीटवर त्रिकोणमापनाचा सिमेंटचा खांब आहे. तो दिसला तरच माथा. खांब खडकांच्या अगदी वर आहे, शेवटचे चार-पाच मीटर हात टेकून चढावे लागतात. कोरड्या ग्रिटवर बूट छान धरतो, ओल्या शेवाळावर अजिबात धरत नाही. एका वेळी तीन-चार जणांनीच वर जावं, बाकीच्यांनी वाऱ्याच्या आडोशाला खडकांच्या दक्षिणेला बसून डबे उघडावेत. आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला खाली वार्फडेल, म्हणजे वार्फ नदीचं खोरं, पलीकडे ग्रेट व्हर्नसाइड आणि पूर्वेला मेनविथ हिल तळाचे पांढरे घुमट दिसतात. ते काय आहेत असं मुलं विचारणारच, तर उत्तर तयार ठेवा: हेरगिरीचं दळणवळण केंद्र.

उतरताना दिशा बघूनच निघा. माथ्यावरून वाटा तिन्हीकडे फुटतात. पूर्वेची माळावर आणखी आत नेते, उत्तरेची स्कायरहोमच्या खोऱ्यात उतरते आणि पश्चिमेची आपली, हाऊगिलची. धुक्यात गटाचा अर्धा भाग उत्तरेला उतरला तर तो भलत्याच खोऱ्यात पोहोचतो आणि फोनला रेंज असेलच असं नाही. त्यामुळे खडक सोडण्याआधी होकायंत्र काढा, पश्चिम धरा, पहिली शंभर पावलं सगळ्यांना जवळ ठेवा. इथे चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक सध्या नगण्य आहे, तो हिशोबात धरायची गरज नाही. कागदी नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २. फोनवर मार्ग घ्याच, पण आधी उतरवून ठेवा, आणि थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

हाऊगिलची उतरण चढापेक्षा उभी आहे. गुडघेदुखी असलेल्यांना काठ्या इथे लागतात, चढताना नाही.

कपड्यांबद्दल आग्रहाने सांगायला हवं, कारण सह्याद्रीतून आलेल्यांची फसगत नेमकी इथे होते. शंभर मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे मठापाशी १२ अंश असले तर माथ्यावर साडेनऊ. वाऱ्यात ते चार-पाच अंशांसारखे बोचतात. सह्याद्रीतला पाऊस उबदार असतो, भिजलं तरी चालत राहता येतं. इथे भिजलेली जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून वाऱ्यात अर्धा तास बसलेलं मूल ओठ निळे करून थरथरायला लागतं. म्हणून अंगालगत सुती काही नको. वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट, आणि पँटसुद्धा तशीच. मे असला तरी टोपी आणि हातमोजे. पिशवीच्या आत प्लॅस्टिकची मोठी थैली घालून त्यात कोरडा जोड. गटासाठी दोन ग्रूप शेल्टर घ्या, एक आठ-दहा जणांचं आणि एक सहा जणांचं. सगळ्यांनी आत बसून कापड डोक्यावरून ओढलं की पाच मिनिटांत ऊब येते. खाण्यात ठेपले, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू उत्तम. थंडीत कडक होत नाहीत आणि हातमोजे घालूनही खाता येतात. पुऱ्या-बटाट्याची भाजी खाली नदीकाठी ठेवा.

आता आई-बाबांबद्दल. दोघांना २० किलोमीटर चालायची सवय असेल, गेल्या महिन्याभरात इथेच दहा-बारा किलोमीटर दोन-तीनदा चालून झाले असतील, तर नेऊ नये असं काही नाही. पण "आम्ही पर्वती रोज चढतो" एवढ्यावर नेऊ नका. त्यांच्यासाठी त्याच दिवशी दुसरा, तितकाच सुंदर बेत आहे: मठ बघायचा, मग पॅव्हिलियनहून स्ट्रिडपर्यंत नदीकाठच्या रानातून जाऊन यायचं, सगळं मिळून आठ किलोमीटर, वाट रुंद आणि बसायला बाकं. सोबत गाडी चालवणारा एक जण ठेवा. दुपारी तीच गाडी बार्डन पुलाजवळच्या मोकळ्या जागेत आणून उभी करता येते. मग दमलेली मुलं तिथूनच गाडीत बसतील आणि त्यांची चाल १३-१४ किलोमीटरवर संपेल. गटातल्या कुणालाही हे कमीपणाचं वाटू देऊ नका. ही सोय सकाळीच सगळ्यांसमोर सांगितली की दुपारी कुणी संकोचत नाही. आई-बाबांच्या प्रवासविम्यात डोंगरातल्या चालण्याचा अंतर्भाव आहे का ते बघा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या गाडीत नव्हे, त्यांच्या खिशात ठेवा.

अपघात झालाच तर ९९९ किंवा ११२ लावायचं, आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांना 'माउंटन रेस्क्यू' सांगायचं. थेट रुग्णवाहिका मागितली तर ती रस्त्यापर्यंतच येते. या भागात अप्पर वार्फडेल फेल रेस्क्यू असोसिएशनचे स्वयंसेवक येतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. रेंज तोकडी असेल तर ९९९ला मजकुरी संदेशही जातो, पण त्यासाठी 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत पाठवून आधी नोंदणी करावी लागते. ती घरीच करून ठेवा. शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

हाऊगिलला नदी भेटते आणि दिवसाचा सोपा भाग सुरू होतो. काठाकाठाने बार्डन पूल. पुलावर १६७६ च्या दुरुस्तीचा शिलालेख आहे. वरच्या बाजूला बार्डन टॉवरचे अवशेष, जो लेडी ॲन क्लिफर्ड यांनी सतराव्या शतकात दुरुस्त करून घेतला. पुढे किल्ल्यासारखे कंगोरे असलेला एक पूल लागतो. त्याच्या पोटातून निडरडेलच्या धरणांचं पाणी ब्रॅडफर्डला जातं.

मग स्ट्रिड. जवळजवळ तीस मीटर रुंद असलेली वार्फ इथे खडकांच्या फटीत शिरते आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम दोन मीटरची होते. नदीचं पाणी कमी झालेलं नसतं, नदी आडवी असलेली उभी झालेली असते. सगळं पाणी खोलीत गेलेलं असतं, आणि खडक खालून कोरलेले असतात. काठ वरून भक्कम दिसतो, पण खाली पोकळी असते आणि पडलेला माणूस तिच्यात ओढला जातो. पोहता येण्याचा इथे उपयोग नाही. फट उडी मारण्याजोगी दिसते हाच सापळा आहे. पलीकडचा काठ निसरडा आणि किंचित उतरता आहे. इथे बळी गेलेले आहेत, आणि ते दंतकथेतले नव्हेत. गटासाठी नियम एकच: मुख्य वाटेवरून बघायचं, खाली खडकांवर कुणी उतरायचं नाही, मुलांचा हात मोठ्यांच्या हातात. सकाळी सांगितलेल्या गोष्टीची इथे आठवण करून द्या.

घरी पोहोचल्यावर मुलांचे आणि स्वतःचे गुडघ्यामागचे भाग, जांघा, काखा आणि केसांची रेषा तपासा. हेदरमध्ये आणि नेच्यात गोचिड्या असतात. लागलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा काडी लावू नका, त्याने ती आणखी जंतू सोडते. पुढच्या एक ते चार आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. तो लाइम आजार असू शकतो. आई-बाबा तोवर पुण्याला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना गोचिडीचं आणि यॉर्कशरचं नाव सांगा. भारतात हा आजार सहज कुणाच्या डोक्यात येत नाही.